ड्रीमकास्ट : सेगाचं शेवटचं आणि सर्वांत धाडसी कन्सोल

ड्रीमकास्ट हे सेगा या जपानी कंपनीचं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. ते जपानमध्ये नोव्हेंबर १९९८ मध्ये आलं आणि २००१ च्या सुरुवातीलाच सेगाने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या थोड्या काळात इतके वेगळे गेम दुसऱ्या कुठल्या कन्सोलला मिळाले असतील, असं मला वाटत नाही.

माझा जीव 'शेनम्यू' या गेमवर आहे. १९८६ सालचं योकोसुका. घरातले कप्पे उघडून बघा, रस्त्यावरच्या माणसांना थांबवून विचारा. संध्याकाळ होते, दुकानं बंद होतात. मारामारी मधूनच येते, आणि मला ते फार आवडतं. 'जेट सेट रेडिओ'ची ठळक बाह्यरेषांची, कार्टूनसारखी चित्रं अजूनही ताजी दिसतात. 'सोलकॅलिबर' हा लढाईचा गेम तर मूळ आर्केडपेक्षा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरच्या गेमपेक्षा, देखणा उतरला. 'क्रेझी टॅक्सी' पाच मिनिटांसाठी लावावा, तासभर सुटत नाही.

मेमरी कार्डाला स्वतःचा छोटा पडदा होता, ते काढून वेगळं खेळता यायचं. इंटरनेटला जोडणारा मोडेमही सोबतच, 'फँटसी स्टार ऑनलाइन' हा इतरांसोबत ऑनलाइन खेळायचा गेम त्याच्यावरच चालला. कंट्रोलरला मात्र अॅनालॉग स्टिक (अंगठ्याने सगळीकडे फिरवायची छोटी दांडी) एकच, त्यामुळे नेमबाजीचे गेम अवघडच जातात.

ड्रीमकास्ट पहिल्यांदा घेणार असाल तर 'स्काइज ऑफ आर्केडिया' हा गेम आधी मिळवा.