अमेरिकेत डिसॲबिलिटीचा दावा: वकील, प्रतिनिधी की आपलं आपण?

अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी सामाजिक विमा योजनेच्या) डिसॲबिलिटीसाठी, म्हणजे आजारामुळे काम जमेनासं झाल्यावर मिळणाऱ्या दरमहा रकमेसाठी, वकील शोधणारा माणूस सगळ्यात आधी फी विचारतो. या कामात वकिला-वकिलांत सगळ्यात कमी फरक फीतच असतो. बहुतेक जण एकाच नमुन्याचा करार पुढे करतात: दावा मंजूर झाला तर थकबाकीच्या (मंजुरी येईपर्यंतच्या महिन्यांच्या साचलेल्या रकमेच्या) २५ टक्के, तेही सरकारने ठरवलेल्या कमाल रकमेपर्यंतच. ३० नोव्हेंबर २०२४पासून ही कमाल ९,२०० डॉलर झाली, त्याआधी ७,२०० होती. थकबाकी २०,००० निघाली तर वकिलाला ५,०००. ५०,००० निघाली तर हिशेबाने १२,५०० होतात, पण हातात पडतात ९,२००च. ही रक्कम सोशल सिक्युरिटी परस्पर कापून वकिलाला देते, पुढच्या दरमहा रकमेत त्याचा वाटा नसतो, आणि दावा फेटाळला गेला तर फी नाही.

म्हणून 'स्वस्त कोण' हे सोडून द्या आणि 'आपली फाईल नक्की कोणाच्या हातात राहणार' एवढंच धरा. त्या नजरेने पाहिलं तर पर्याय चार: आपलं आपण लढणं, वकील नसलेला पण मान्यता असलेला प्रतिनिधी, देशभर जाहिराती करणारी मोठी फर्म, आणि जवळपासचं एक-दोन वकिलांचं ऑफिस. पाचवाही एक आहे, विमा कंपनीने 'फुकट' दिलेला. त्याच्याबद्दल शेवटी.

पहिला अर्ज स्वतः भरावा का?

बऱ्याचदा हो. अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि आजार गंभीर व कागदोपत्री स्पष्ट असेल (एएलएस हा मज्जातंतूंचा आजार किंवा शरीरभर पसरलेला कॅन्सर, असं काही) तर सोशल सिक्युरिटी अशी प्रकरणं वेगळी काढून लवकर निकालात काढते. तिथे वकिलाला करण्यासारखं फारसं नसतं, आणि त्याची फीही थकबाकीवर अवलंबून असल्याने त्यालाही विशेष रस नसतो. एखाद्या ऑफिसने 'आत्ता नको, नकार आला तर या' असं सांगितलं तर दाव्यात दम नाही असा अर्थ काढू नका. ते त्यांचं गणित असतं.

मात्र अर्जाआधी आपण पात्र आहोत का ते पाहा. पगारातून कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटी करावर आधारलेल्या लाभासाठी, म्हणजे एसएसडीआयसाठी, तिशी ओलांडलेल्या माणसाने साधारणपणे शेवटच्या १० वर्षांत ५ वर्षं अमेरिकेत कर भरून काम केलेलं असावं लागतं. भारतातली वर्षं यात धरली जात नाहीत, कारण दोन देशांत तसा करारच नाही. उलट बाजूने, नोकरी सुटल्यावर हा हक्क साधारण ५ वर्षांनी संपतो. 'बघू, बरं वाटलं तर परत कामाला लागू' म्हणत थांबलेली माणसं नेमकी इथे अडकतात.

एकट्याने अर्ज भरणाऱ्याची खरी परीक्षा दैनंदिन व्यवहारांच्या फॉर्मवर होते. 'स्वतःचा स्वयंपाक करता का?' असा प्रश्न असतो. आपली माणसं लगेच 'हो' लिहून मोकळी होतात. घरात काय चालतं? कुकर लावायचा, मग वीस मिनिटं आडवं व्हायचं, भाजी चिरायला दुसऱ्या कोणी तरी बसायचं, आणि असं आठवड्यातून दोनदाच, पाठ बरी असेल त्या दिवशी. फॉर्ममध्ये किती वेळा आणि किती वेळ लागतो तेही विचारलेलं असतं, तिथे हे सगळं यायला हवं. नुसत्या 'हो'चा अर्थ पुढे फाईल वाचणारा 'स्वयंपाक करू शकतो' असा लावणार. आजाराचं गाऱ्हाणं सांगायचं नाही ही शिकवण इथे आपल्याच अंगाशी येते. घरात हा फॉर्म नीट, तपशिलाने भरणारं कोणी नसेल तर पहिल्या अर्जापासून मदत घेतलेली बरी.

नकार आला की चित्र बदलतं

पहिल्या फेरीत बहुतेक अर्ज नाकारले जातात, त्यामुळे पत्र पाहून हातपाय गाळू नयेत. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करायचं, आणि पत्र त्यावरच्या तारखेनंतर ५ दिवसांनी मिळालं असं धरलं जातं. अपील न करता पुन्हा नवा अर्ज टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. जुन्या तारखेपासूनची थकबाकी हातची जाऊ शकते, आणि मधल्या काळात एसएसडीआयचा हक्क संपला असेल तर नवा अर्ज उभाच राहत नाही.

अपिलाची पहिली पायरी म्हणजे कागदांची फेरतपासणी. ती फेटाळली गेली की प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी. माझ्या मते इथे एकट्याने जाऊ नये. समोर विरुद्ध पक्षाचा वकील नसतो हे खरं, त्यामुळे सगळं सोपं वाटतं. पण त्या खोलीत (किंवा फोनवर, व्हिडिओवर) सहसा एक व्यवसाय-तज्ज्ञ असतो, म्हणजे कोणत्या माणसाला कोणती नोकरी जमेल हे सांगणारा. न्यायाधीश त्याला विचारतात: समजा एक माणूस १० पौंड उचलू शकतो आणि दिवसात सहा तास बसू शकतो, त्याला करण्याजोगी कामं आहेत का? तज्ज्ञ म्हणतो आहेत, आणि दोन-तीन कामांची नावं घेतो. एकटा आलेला अर्जदार इथे गप्प बसतो. तयारीचा वकील पुढे विचारतो: हाच माणूस महिन्यात दोन दिवस गैरहजर राहत असेल तर? कामाच्या वेळेतला १५ टक्के वेळ त्याचं लक्ष कामावर नसेल तर? अनेकदा उत्तर येतं की मग असं काम नाही. आणि त्या दोन दिवसांना, त्या १५ टक्क्यांना डॉक्टरच्या कागदाचा आधार वकिलाने आधीच फाईलमध्ये लावून ठेवलेला असतो.

वकील आणि प्रतिनिधी

सुनावणीला उभा राहणारा वकीलच असला पाहिजे असा नियम नाही. ज्यांची फी सोशल सिक्युरिटी थेट देते अशा बिगर-वकील प्रतिनिधींना परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी, व्यावसायिक विमा आणि सततचं प्रशिक्षण या अटी आहेत. फीची कमाल वकिलाएवढीच. त्यांच्यातले काही वर्षानुवर्षं फक्त हेच काम करतात. घटस्फोट, घरखरेदी आणि मध्येच एखादा डिसॲबिलिटीचा दावा घेणाऱ्या वकिलापेक्षा मी असा प्रतिनिधी केव्हाही पसंत करीन. मर्यादा एकच, पण मोठी. न्यायाधीशांनी आणि पुढे अपील्स कौन्सिलनेही (सोशल सिक्युरिटीतली अपिलाची वरची पायरी) नकार दिला तर वाट फेडरल कोर्टाकडे जाते, आणि तिथे तुमच्या वतीने वकीलच लागतो. तेव्हा प्रतिनिधी निवडताना 'वेळ आली तर कोर्टात कोण?' हे आधीच विचारा. कोर्टात फीचे नियमही वेगळे आहेत, ९,२००ची मर्यादा तिथे लागू होत नाही.

मोठी फर्म की जवळचं ऑफिस

मोठ्या फर्मची जमेची बाजू म्हणजे यंत्रणा. मुदती चुकत नाहीत, हॉस्पिटलांकडून कागद मागवणारा वेगळा विभाग असतो, फोन कोणीतरी उचलतं. पण 'कोणीतरी' हाच त्यांचा दोषही. प्रत्येक फोनला नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून कहाणी, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. सुनावणी घेणाऱ्या वकिलाचा आवाज आदल्या दिवशी पहिल्यांदा ऐकणारेही आहेत.

जवळच्या छोट्या ऑफिसला तिथले न्यायाधीश माहीत असतात. कोण औषधांचं पालन बारकाईने विचारतं, कोण नोकरीच्या इतिहासावर रेंगाळतं, हे त्यांना ठाऊक असतं आणि तयारी तशी करून घेतात. उणीव अशी की एक सेक्रेटरी रजेवर गेली की सगळं थबकतं. तरीही सुनावणीच्या टप्प्यावर निवड करायची झाली तर माझं मत छोट्या ऑफिसला, फक्त त्यांचं मुख्य काम हेच असलं पाहिजे.

आपल्यातल्या संगणकावर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. जून २०२४पासून मागच्या ५ वर्षांतल्या नोकऱ्याच विचारात घेतात, आधी १५ वर्षं मागे जायचे. बसून काम केलेल्या माणसाला 'आधीचंच काम जमेल' असं म्हणून परत पाठवणं सोपं असतं. अशा दाव्यात पाठदुखीपेक्षा एकाग्रता, औषधांची गुंगी, बोटांची हालचाल, टायपिंग किती वेळ जमतं, यावर जोर द्यावा लागतो. पहिल्या फोनवर वकिलाने हे स्वतःहून विचारलं तर तो कामाचा माणूस.

त्याच फोनवर तुम्हीही विचारा. माझ्या डॉक्टरकडे तुम्ही काय मागणार? 'रुग्ण काम करू शकत नाही' अशी एका ओळीची चिठ्ठी आणा म्हणणारा वकील नको, कारण हा निर्णय डॉक्टरचा मानलाच जात नाही. किती वेळ बसता येतं, किती उचलता येतं, महिन्यात किती दिवस वाईट जातात, असा प्रश्नवार फॉर्म डॉक्टरकडून भरून घेणारा हवा. कागदपत्रं सुनावणीच्या किमान पाच कामकाजी दिवस आधी द्यावी लागतात, किंवा ती येणार असल्याचं तेवढं आधी कळवावं लागतं. तेव्हा ती कधी मागवणार हेही विचारा. हॉस्पिटलच्या नकलांचा आणि टपालाचा खर्च फीपेक्षा वेगळा असतो, आणि दावा हरला तरी तो मागतात का हे करारात पाहा. काही करारांत पहिल्या सुनावणीपलीकडे प्रकरण गेलं तर कमाल रकमेची मर्यादा उठते असं कलम असतं. ते वाचल्याशिवाय सही नको.

घाईत सही करून मग वकील बदलणं वाटतं तेवढं सोपं नाही. पहिल्याने फीवरचा हक्क सोडला नाही तर दोघांनाही केलेल्या कामाचा हिशेब देऊन फी मंजूर करून घ्यावी लागते, आणि ती कटकट नको म्हणून चांगला वकील दुसऱ्याची अर्धी झालेली फाईल घ्यायला कां-कूं करतो.

इंग्रजीचा अडसर असेल तर सुनावणीला दुभाषी सोशल सिक्युरिटी विनाशुल्क देते. त्यासाठी मराठी वकीलच हवा म्हणून थांबू नका.

विमा कंपनीचा 'फुकट' माणूस

अनेक कंपन्यांत नोकरीबरोबर दीर्घकालीन डिसॲबिलिटीचा खाजगी विमा असतो. तो सुरू झाला की विमा कंपनी 'सोशल सिक्युरिटीचाही अर्ज करा, आमचा माणूस सगळं करून देईल' असं सांगते. यात फसवणूक नाही, पण हेतू ओळखून असा. तिकडची रक्कम मंजूर झाली की बहुतेक पॉलिसींत तेवढी रक्कम विम्यातून वजा होते, आणि थकबाकीतला मोठा हिस्सा कंपनीला परत द्यावा लागतो. अर्ज भरण्यापुरता तो माणूस चालेल. पण उद्या विमा कंपनीनेच पैसे बंद केले तर तिने नेमलेला माणूस तुमच्या बाजूने उभा राहील अशी अपेक्षा ठेवू नका.

तो विम्याचा दावा हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे ९,२००ची मर्यादा नाही, टक्केवारी वकिलागणिक बदलते, म्हणजे फीची तुलना तिथे जरूर करा. नोकरीतून मिळालेल्या बहुतेक विम्यांत नकारावर कंपनीकडेच अपील करायला १८० दिवस असतात. नंतर कोर्टात गेलात तर न्यायाधीश सहसा त्या अपिलापर्यंत फाईलमध्ये आलेलेच कागद पाहतात, नवा डॉक्टर, नवी तपासणी तिथे बहुधा चालत नाही. म्हणून या दाव्यासाठी वकील गाठायचा तो अपील पाठवण्याआधी, आणि १८० पैकी निदान निम्मे दिवस हातात असताना.