कोल्हापूरच्या फुलेवाडीत गेमसाठी घेतलेलं फायबर इंटरनेट, वर्षभराचा अनुभव

आमच्या घरात वायफाय आलं ते थोरल्याच्या गेममुळं. आम्हाला मोबाईलचा रोजचा दोन जीबी पुरत होता, पण बीजीएमआय हा मोबाईलवरचा लढाईचा गेम खेळताना ४० वर असलेलं पिंग (गेमच्या सर्व्हरला सिग्नल जाऊन यायला लागणारे मिलीसेकंद, जितके कमी तितकं बरं) एकदम ३०० वर जायचं, आणि ते नेमकं शेवटच्या झोनमध्ये झालं की चौघांची मॅच गेली. मग त्यानं कॉम्प्युटर जोडला, त्यावर व्हॅलोरंट हा कॉम्प्युटरवरचा गेम टाकायला गेला तर हॉटस्पॉटवर डाऊनलोडच संपेना. शेवटी गल्लीतल्या केबलवाल्याकडनं १०० एमबीपीएस स्पीडचं फायबर, म्हणजे काचेच्या तारेतनं प्रकाशानं येणारं नेट, घेतलं.

पहिला आठवडा लई वैताग आला. स्पीड टेस्टला ९५ आणि गेम अडकतोय! जोडणीवाला पोरगा परत आला, त्यानं बघितलं तर राउटर खाली सोप्यात, कॉम्प्युटर वरच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि स्लॅब, वायफायचा ५ गिगाहर्ट्झवाला वेगवान सिग्नल वरपर्यंत पोचतच नव्हता. त्यानं जिन्याच्या कडेनं क्लिपा मारत राउटरपासनं थेट कॉम्प्युटरला लॅनची वायर वर नेली आणि पिंग १४ वर आलं. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, कोल्हापूरहून फायबरमधनं जाऊन यायला प्रकाशालाच साधारण ४ मिलीसेकंद लागतात, म्हणजे १४ झकासच. रात्री ९ ते ११ सगळी गल्ली नेटवर असते तेव्हाही २० च्या वर जात नाही, माझे मार्क त्याला आहेत.

शेजारचे म्हणतात गेमसाठी कशाला एवढा खर्च. अहो, दक्षिण कोरियात १९९८ ला स्टारक्राफ्ट हा कॉम्प्युटर गेम आला, पोरं पीसी बांगमध्ये (तिथल्या गेमिंग कॅफेत) गर्दी करायला लागली आणि तिथं घरोघरी ब्रॉडबँड जायला त्या वेडाचा मोठा हात होता. आमच्याकडंही आता त्याच लाईनवर धाकटीचे क्लास चालतात, आई टीव्हीवर कीर्तन लावते.

तक्रार एकच, पण मोठी आहे. जुलैच्या पावसात फांदी पडून वायर तुटली, नेटच्या डब्यावर लॉसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा, दोन दिवस फोन कुणी उचलला नाही, तिसऱ्या दिवशी वायर जोडायचं मशीन घेऊन आले आणि अर्ध्या तासात जोडून गेले. एवढंच काम होतं तर फोन तरी उचलायचा ना भावा.

घेणार असाल तर रेट १८ टक्के जीएसटी धरून विचारा, राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि त्याच लाईनवाल्या शेजाऱ्याकडं रात्री साडेनऊला जाऊन पिंग बघून या. प्लॅन या महिन्यात संपतोय, मी परत हाच भरतोय.