वाघोलीतला टूबीएचके: पहिल्या उन्हाळ्यानंतर आणि एका गीझरनंतर

गीझर गेला. वॉरंटीतला. कंपनीच्या माणसानं कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर पांढरा खडबडीत थर, नखानं खरवडला तरी निघेना. त्यानं फोटो काढून ॲपवर टाकला आणि म्हणाला, "सर, हार्ड वॉटर. वॉरंटीत बसत नाही." मी कार्ड दाखवलं, त्यानं त्याच कार्डामागची बारीक अक्षरं दाखवली. कस्टमर केअरशी आठवडाभर हुज्जत घातल्यावर व्हिजिट चार्ज माफ झाला, कॉइलचे पैसे मलाच पडले. जाता जाता म्हणतो कसा, "वाघोलीत रोज हेच काम असतं सर, तुम्ही काही पहिले नाही."

मग रिव्ह्यू वाघोलीचाच लिहितो. नगर रोडचं ट्रॅफिक, खराडीचं अंतर, चौरस फुटाचे दर हे घर शोधणाऱ्यांना पाठ असतं, त्यात शिरत नाही. मी पाण्याबद्दल लिहिणार आहे.

वाघोली 2021 साली आणखी 22 गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. आमच्या सोसायटीला अजून नळाचं पाणी नाही. बोअर आहे आणि टँकर आहेत. पाणी कुठलं हे टॉवेलवरून कळतं. टँकरचं असलं तर टॉवेल नुसता कडक होतो, बोअरचं असलं तर अंग खरवडून निघतं. मी सोसायटीच्या मागे लागून लॅबमधून तपासणी करून घेतली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा (हार्डनेस, म्हणजे विरघळलेले क्षार) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत. आमचा बोअर 600 च्या वर निघाला, टँकर निम्म्यावर. टँकरवाल्याला विचारलं कुठून भरतोस, तर म्हणाला, "तिकडून." हात मात्र लोणीकंदपासून हडपसरपर्यंत सगळीकडे फिरवला.

आता पैसे. शहरासाठी माणशी 135 लिटर रोज धरतात. चौघांचं घर म्हणजे 540 लिटर. आमचे 120 फ्लॅट, म्हणजे 65 हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दिवसाला साडेसहा. टँकर हजाराला पडतो तेव्हा प्रत्येक घराच्या वाट्याला महिना सोळाशेच्या वर येतात. एप्रिल-मेमध्ये तोच टँकर दीड हजाराला गेला आणि वाटा अडीच हजाराच्या घरात. बोअर चालतो तेव्हा पैसे कमी लागतात, पण तेव्हा कॉइल जाते.

हे पैसे मेंटेनन्समध्ये येतात, म्हणून घर घेताना कोणी मोजत नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे 868 रुपये हप्ता पडतो. सोळाशे रुपये महिना म्हणजे 1 लाख 85 हजारांचं जास्तीचं कर्ज. उन्हाळ्याच्या भावानं पावणेतीन लाखांवर. शिवाय हप्ता वीस वर्षांनी संपतो, टँकर तेव्हाही दारात हॉर्न देत उभा असेल आणि भाव आजचा नसेल.

इथवर लिहून बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खराडीचाही हिशेब लिही ना मग. अर्धाच का लिहितोस?"

लिहितो. तेवढ्याच कार्पेट एरियाला खराडीत आम्हाला वीस लाखांच्या खाली फरक कोणी सांगितला नव्हता. वीस लाखांचा हप्ता 17,360 रुपये. म्हणजे टँकर, कॉइल, शॉवरच्या जाळ्या, डोक्याला लावायचं महागडं तेल, सगळं धरून वाघोली महिन्याला चौदा-पंधरा हजारांनी स्वस्तच पडते. मान्य. दोन तारे होते, तीन करतो.

आणखी अर्धा तारा कागदपत्रांमुळे. आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगीचा दाखला) आधीच मिळालेलं होतं, त्यामुळे जीएसटी शून्य. बांधकाम चालू असताना घेतलं असतं तर 45 लाखांच्या वर असल्यानं 5 टक्के, म्हणजे 48 लाखांवर 2 लाख 40 हजार. शिवाय घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं, मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत, 48 हजार वाचले. (त्यामुळे "माझ्या घरात" हा शब्दप्रयोग तिच्याकडून वरचेवर ऐकावा लागतो.)

मेट्रोबद्दल जपून लिहितो, कारण ब्रोशरवर स्टेशन चार वर्षं आधीच उभं असतं. मार्च 2024 पासून रामवाडीपर्यंत मेट्रो चालू आहे, बायको तिथवर स्कूटरनं जाऊन पुढे मेट्रोनं जाते आणि खूश आहे. रामवाडी ते वाघोली विस्ताराला केंद्रानं जून 2025 मध्ये मंजुरी दिली. मंजुरीचे पैसे एजंट आजच मागतात, ते देऊ नका.

एक गोष्ट मात्र ब्रोशरमध्ये नव्हती. वाघेश्वराचं देऊळ आणि तिथल्या जुन्या समाध्या, त्यात मराठा सरदार पिलाजी जाधवरावांची. नगर रोडच्या गोंगाटापासून हाकेच्या अंतरावर इतकं शांत काही असेल असं वाटलं नव्हतं. आई गावाहून आली की संध्याकाळी तिकडेच असते. आणि केसनंद फाट्याकडे भाजी कोथरूडपेक्षा स्वस्त मिळते, हे तिनंच शोधून काढलं.

पण परत पाण्यावर येतो. गीझरचा थर्मोस्टॅट 70 वरून 50 वर आणा, पाणी जितकं तापतं तितका क्षार जास्त बसतो. वर्षातून एकदा ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली सळई) बघायला सांगा. सोसायटीत मीठ वापरून पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनर प्लँटचा ठराव मी मांडला, खजिनदार म्हणाले, "मीठ कोण भरणार रोज?" पुढच्या सभेत परत मांडतोय.

मेहुणा सध्या उंड्री, मोशी आणि वाघोली बघतोय. मोशीत पिंपरी-चिंचवडचं पाणी दिवसाआड येतं, पण नळानं येतं, हे त्याला आधीच सांगितलं. उंड्री 2017 मध्येच महापालिकेत गेली, तरी तिथेही टँकरबद्दल विचार म्हटलं. फ्लॅट दाखवताना नुसता नळ उघडून समाधान मानू नकोस, त्या वेळी टाकी भरलेलीच असते. मे महिन्याची मेंटेनन्सची पावती माग, आणि वर्षभर राहणाऱ्या कुणाच्या तरी बाथरूममधला शॉवर बघ. उंड्रीत त्यानं पावती मागितली तर एजंट म्हणाला, "पाण्याचं काही टेन्शनच नाही सर, चोवीस तास टँकर येतात." मेहुण्यानं तिथल्या तिथे लाखामागे 868 चा हिशेब मांडून किंमत दोन लाखांनी कमी मागितली. एजंटनं ओनरशी बोलून कळवतो म्हटलंय.