डागांची गोधडी: वर्गणीसाठी मागवण्याआधी

गिरगावातलं एक छोटं शिवणघर सध्या मंडळांना, सोसायट्यांना 'डागांची गोधडी' शिवून देतंय. मूळ कल्पना अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुरंपाळांची. उघड्या कुरणांत सगळ्यांची गुरं मिसळायची, म्हणून प्रत्येक मालक आपली खूण तापल्या लोखंडाने कातड्यावर डागायचा. पुढे याच खुणा बायकांनी पैसे घेऊन कापडावर भरल्या आणि गोधडी लिलावात काढली. पहिल्या महायुद्धात रेड क्रॉससाठीही पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने नावं भरलेल्या गोधड्या निघाल्या.

इथला हिशेब असा. 10 इंची 48 चौकोन, भोवती 5 इंचांचा काठ, म्हणजे तयार माप 70 बाय 90 इंच. चौकोनाच्या मधोमध एका घराची खूण, भोवती चाकाच्या आऱ्यांसारखी 8 नावं. वर्गणी म्हणून खुणेचे 500 आणि नावाचे 100 धरले तर चौकोनामागे 1,300, एकूण 62,400 रुपये. शिलाईचे 22,000 वजा करा. लिलावाचे पैसे वेगळे. तिकिटं विकून सोडत मात्र काढू नका, खाजगी लॉटरी कायद्यात बसत नाही. लिलाव काय, लालबागच्या राजामुळे मुंबईला पाठच आहे.

खुणा बसवण्यात शिवणघरातले लोक तरबेज आहेत. गुरांवरची खूण डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत वाचतात. आडवं पडलेलं अक्षर 'आळशी', खाली कमान असलेलं 'डुलणारं'. नमुन्यातला आळशी 'क' तर झकास, दुपारी जेवून आडवा झाल्यासारखा! लोखंडाचा एक नियमही त्यांनी ओळखलाय: बारीक बंद कोपऱ्यात उष्णता साठते आणि खुणेचा नुसता ठिपका होतो, म्हणून आकार मोकळे ठेवायचे.

नावं भरताना मात्र हाच नियम विसरतात. 8 मिलिमीटर उंचीत 'ष्ट', 'द्ध' यांचा गोळा होतो. किमान 12 मिलिमीटर मागा. शिरोरेषा उलट्या टिपेने, अनुस्वार गाठी टाक्याने आणि सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर, हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या.

दुसरी खोट कापडाची. सुती कापड न धुता कापतात, मग पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि नावांभोवती चुण्या पडतात. लाल दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत ठेवा, वर गरम इस्त्री दाबा. चिंधी गुलाबी झाली तर दोरा बदलायला लावा, नाहीतर डागांच्या गोधडीवर खरोखरीचे डाग पडतील. आत ते पॉलिएस्टरचा कापूस भरतात. मुंबईच्या उकाड्यात त्याऐवजी जुन्या सुती साड्यांचे दोन थर बरे, आणि धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन इंचांवर.

यादी सुवाच्य अक्षरात द्या आणि प्रत्येक नावापुढे त्या घराची सही घ्या. चुकलेलं नाव उसवता येतं, पण सुईची भोकं कापडावर राहतात.