स्विमिंग पूलचा पॅनल गेला, सध्या साध्या टायमरवर पंप चालवतोय (३ महिने वापरून)

स्विमिंग पूलचा ऑटोमेशन पॅनल (पंप, हीटर वगैरे आपोआप चालू-बंद करणारा डबा) एका सकाळी गपगार पडला. स्क्रीन काळी, झाकण उघडलं तर पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेपाशी बोर्ड करपलेला, आणि नवीन बोर्ड लवकर मिळेना. पाणी काही आपल्यासाठी थांबत नाही, दोन-तीन दिवस पंप बंद राहिला की हिरवट झाक मारायला लागतं. म्हणून तात्पुरता २४ तासांचा मेकॅनिकल टायमर घेतला, तो अजून तिथेच आहे.

वस्तू एकदम साधी. गोल डायल, भोवती १५ मिनिटांच्या ९६ खुंट्या, जेवढा वेळ पंप हवा तेवढ्या सरकवायच्या, झालं. ना मेनू ना पासवर्ड. बाजूला छोटा स्विच आहे, ऑटो किंवा कायम चालू, बॅकवॉशच्या (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुण्याच्या) वेळी तोच कामाला येतो.

टायमरवर १६ अँपिअर लिहिलंय म्हणून मी थेट त्यातूनच पंप जोडायला निघालो होतो, वायरमनकाकांनी हात धरला. "अहो, यानं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची, मोटर कॉन्टॅक्टरला ओढू दे." कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरचा जड करंट झेलणारा मोठा स्विच, त्याच्या कॉइलला थोडा करंट दिला की तो ओढला जातो. तो १६ चा आकडा हीटरसारख्या लोडचा असतो, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते, आणि टायमरचे कॉन्टॅक्ट एकदा चिकटले की पंप बंदच होत नाही. मग टायमर, कॉन्टॅक्टर, पंपाच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला सेट केलेला ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट खेचला तर ती बंद करणारा) अशी जोडणी केली, आधीचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा) तसाच ठेवला. आता ठरल्या वेळी खट्‌ आवाज येतो आणि पंप सुरू. पूल ४० हजार लिटरचा, पंप तासाला १० हजार फिरवतो, म्हणजे ४ तासांत एक फेरी, मी ८ तास लावलेत.

आता रडगाणं. लाइट गेली की डायल थांबतो आणि घड्याळ तेवढं मागे पडतं, एकदा तर पंप भलत्याच वेळी घरघरत होता तेव्हा लक्षात आलं. घ्यायचाच असेल तर बॅटरी बॅकअपवाला घ्या, मी चुकलो.

आणि पॅनल गुपचूप काय काय सांभाळत होता ते तो गेल्यावर कळतं. पहिल्याच दिवशी पंप बंद पण सॉल्ट क्लोरिनेटरचा (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचा) दिवा चालू, कारण त्याचा सप्लाय वेगळा होता! पाणी हलत नसताना त्याचा सेल (क्लोरीन जिथे बनतो तो भाग) चालू राहिला तर आत हायड्रोजन साठतो, चेष्टा नाही. पाणी वाहायचं थांबलं की तो बंद करणारा फ्लो स्विच असतो, पण सगळी भिस्त त्याच्यावर नको, म्हणून क्लोरिनेटर आता कॉन्टॅक्टरच्या आउटपुटवरच घेतलाय, पंप थांबला की तोही थांबतो. हीटर बंद झाल्यावर आतली उरलेली उष्णता निघून जावी म्हणून पॅनल पंप थोडा वेळ चालू ठेवायचा, हे टायमरच्या गावीही नाही, त्यामुळे हीटर मीच आधी हाताने बंद करतो. व्हॉल्व्हही हातानेच फिरवायचे.

व्हेरिएबल स्पीड (वेग कमी-जास्त करता येणारा) पंप असेल तर मात्र हे घेऊ नका. त्याच्या ड्राइव्हला (वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) सप्लाय कायम चालू लागतो आणि बहुतेकांच्या कीपॅडवरच वेळ-स्पीड लावता येतो, पॅनलची वायर काढून आधी ते बघा.

पाचपैकी चार, एक घड्याळापायी कापला.