आठ महिने, अठरा पुस्तकं: ईव्ह डॅलसच्या सोबतीनं

जे. डी. रॉब यांची 'इन डेथ' ही इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांची मालिका मी गेल्या आषाढात धरली, आता फाल्गुन चालू आहे. पन्नासहून जास्त कादंबऱ्यांपैकी अठरा वाचून झाल्या. एवढ्यावर थांबून लिहिते आहे, कारण अठरावं पुस्तक संपल्यावर चार दिवस मला दुसरं काही हातात घेववलं नाही.

सुरुवात माझी चुकीच्या ठिकाणी झाली. रद्दीच्या दुकानात 'हॉलिडे इन डेथ' मिळालं, ते सातवं. सांताक्लॉजच्या वेशात खून करत फिरणाऱ्या माणसाची गोष्ट. रहस्य कळलं, धरून ठेवणारंही होतं, पण माणसं कळेनात. ही नायिका, ईव्ह डॅलस, नवऱ्यानं काही भेट आणली की एवढी का अवघडते? घरातला तो समरसेट नावाचा कारभारी तिच्याशी सतत फणकाऱ्यानं का बोलतो? म्हणून फोनवर पहिलं पुस्तक घेतलं आणि क्रमानं निघाले. ज्यांना ही मालिका वाचायची आहे त्यांनी पहिल्यापासूनच वाचावी. खून त्या त्या पुस्तकात उलगडतो, पण माणसांचा हिशोब मागच्या पुस्तकातून पुढच्यात येत राहतो.

जे. डी. रॉब म्हणजे नोरा रॉबर्ट्स. जेसन आणि डॅन या दोन मुलांच्या नावांची आद्याक्षरं घेऊन त्यांनी हे टोपणनाव केलं. पहिलं पुस्तक 'नेकेड इन डेथ' १९९५ चं, गोष्ट मात्र २०५८ च्या न्यूयॉर्कमधली. बंदुकांवर बंदी आहे, स्वयंपाक यंत्रातून येतो आणि खरी कॉफी फक्त श्रीमंतांना परवडते. ईव्ह डॅलस तिथल्या पोलिसांत लेफ्टनंट, खुनांचा तपास करणारी. आठ वर्षांची असताना ती डॅलस शहरातल्या एका गल्लीत सापडली होती, मोडलेल्या हातानं, स्वतःचं नावही न आठवणारी. म्हणून आडनाव डॅलस. पहिल्याच पुस्तकात एका सिनेटरच्या नातीचा जुन्या काळातल्या बंदुकीनं खून होतो. अशा बंदुकांचा संग्रह असलेला रॉर्क नावाचा आयरिश धनाढ्य संशयितांत असतो, आणि ईव्हचा जीव नेमका त्याच्यातच गुंततो.

हे सगळं मी एकटीनं वाचलं असतं तर कदाचित चार पुस्तकांवर थांबले असते. पण त्याच सुमारास सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी नोकरीला मिरजेला, येताजाता बसमध्ये वाचायचं आणि संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसून सांगायचं, असं सुरू झालं. त्यांना मी आत्या म्हणते. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "खुनाचा संशय हाय त्याच्यावर, आणि ही त्याच्याच घरी जेवाय जाती?" रॉर्क त्यांना आवडायला वेळ लागला. ईव्हच्या कोटाचं तुटलेलं बटण त्याच्या गाडीत पडतं आणि तो ते खिशात जपून ठेवतो, हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा गप्प झाल्या. त्यानंतर तो तिला खऱ्या कॉफीची पिशवी पाठवतो. मग रोजचा प्रश्न ठरून गेला: "आज जेवली का गं ती?" कारण ईव्ह कामात असली की जेवत नाही, आणि रॉर्क ताट समोर ठेवून हटत नाही. अठरा पुस्तकांत हे किती वेळा आलं मोजलं नाही, पण प्रेम म्हणजे काय ते या लेखिकेनं जेवणाच्या ताटातून जेवढं दाखवलंय तेवढं शयनगृहातल्या प्रसंगांतून दाखवलेलं नाही. ते प्रसंग भरपूर आहेत आणि मोकळे आहेत. सांगताना मी ते गाळते, आणि गोष्टीचं काही अडत नाही.

सांगण्यामुळे भाषेकडे माझं फार लक्ष गेलं. ईव्हला म्हणी कळत नाहीत. कुणी इंग्रजी म्हण वापरली की ती उलट विचारते, असं का म्हणतात, याचा अर्थ काय. बालपण असं गेलं की घरात कानावर पडणारी भाषा तिला मिळालीच नाही, हे माझ्या चौथ्या-पाचव्या पुस्तकाला लक्षात आलं. त्या जागा मराठीत सांगताना शब्दशः सांगून जमत नाही. मग मी आपल्या म्हणी घातल्या. ईव्हच्या हाताखालची पोलीस पीबॉडी म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं, आणि ईव्ह विचारते, अंगण वाकडं होतं तर आधी सरळ का नाही केलं? आत्या पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच चार म्हणी काढून बसल्या, ईव्ह काय विचारेल ते ठरवायला.

पीबॉडी ही त्यांची सर्वांत लाडकी. दुसऱ्या पुस्तकात गणवेशातली साधी पोलीस म्हणून भेटते, सतराव्यापर्यंत डिटेक्टिव्ह होते. कथेतला काळ फार हळू सरकतो, अठरा पुस्तकांत दोन वर्षंसुद्धा होत नाहीत. त्यामुळे बढती, मैत्री, लग्न, रुसवा, सगळं आपल्यासमोर इंचाइंचानं वाढतं. मॅविस ही गाणारी मैत्रीण, फीनी हा ईव्हला घडवणारा जुना अधिकारी, डॉक्टर मायरा, ही सगळी मंडळी आता आमच्या घरात नावानं ओळखली जातात.

ईव्हची स्वप्नं हा मात्र मालिकेतला सर्वांत जड भाग. बापानं लहानपणी केलेला अत्याचार तिला रात्री तुकड्यातुकड्यानं आठवतो. लेखिका ते आडपडदा न ठेवता लिहिते. ज्यांना असं वाचून त्रास होतो त्यांनी विचार करूनच हात घालावा. आत्यांना हे सांगावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी नुसतं एवढंच सांगितलं की तिला लहानपणीचं भयंकर काही दिसतं आणि ती घामाघूम होऊन उठते. बाहेर श्रावणातला पाऊस लागला होता. त्या म्हणाल्या, "मला पाण्याचं पडतंय की तसं." आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि आम्ही वरच्या मजल्यावरून बोटीत उतरलो होतो. इतक्या वर्षांत त्यांनी हे स्वप्न कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्रीपासून पाऊस वाढला की मी त्यांच्या खोलीत झोपते. रॉर्क ईव्हला जागं करतो तेव्हा काही विचारत नाही, फक्त जवळ बसतो. तेही मी तिथंच शिकले.

आता अठराव्याबद्दल. 'डिव्हायडेड इन डेथ', २००४ चं. रॉर्कच्या कंपनीतल्या एका बाईवर नवऱ्याच्या खुनाचा आळ येतो, तो तपास नेहमीसारखाच चांगला आहे. पण तपास चालू असताना रॉर्कच्या हाती जुनी सरकारी कागदपत्रं लागतात. डॅलसमधल्या एका खोलीत लहानग्या ईव्हवर काय चाललंय हे काही लोकांना तेव्हाच माहीत होतं, आणि कुणी दार उघडलं नव्हतं. रॉर्कला त्यांचा जीव घ्यायचा आहे. ईव्ह पोलीस आहे. इथे खुनी कोण हा प्रश्न उरतच नाही. आपला माणूस खुनी होईल का, हा उरतो. दोघं एकाच घरात राहून एकमेकांशी बोलायचे थांबतात, ती पानं मी बसमध्ये वाचली आणि उतरायचा थांबा मागे गेला. आत्यांना सांगताना मी मध्येच थांबून विचारलं, त्यानं काय करावं? बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "तिच्यासाठीच हात उचलायचा, आन् त्यानंच ती तुटायची." शेवट मी इथे सांगत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. जगातली प्रत्येक इमारत रॉर्कच्याच मालकीची निघते, त्यामुळे अडचणी फार सहज सुटतात. खुन्याच्या मनातली प्रकरणं काही पुस्तकांत लांबतात. १९९५ साली कल्पिलेल्या भविष्यात माहिती अजून डिस्कच्या चकत्यांवर भरून हातोहात दिली जाते, ते आज जुनाट वाटतं. लागोपाठ तीन वाचली तर साचा दिसायला लागतो, म्हणून मी हल्ली महिन्याला दोनच्या वर जात नाही. इंग्रजी मात्र अवघड नाही. पोलिसी बोलीची सवय दुसऱ्या पुस्तकापर्यंत होते.

आत्या आता काठी न घेता गणपती मंदिरापर्यंत जाऊन येतात, तरी संध्याकाळची बैठक चालूच आहे. एकोणिसाव्यात पीबॉडीच्या वाट्याला जे येतं ते मी परवाच वाचलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. कालही बसमध्ये गर्दी होती, वाचता आलं नाही, असं म्हणून मी वेळ मारून नेली.