पाचव्या खुर्चीवरून : ‘पोकर नाइट ॲट द इन्व्हेंटरी’ सात महिने खेळल्यानंतर

मृगाचा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात मी पोकर या पत्त्यांच्या डावाचा हा खेळ संगणकावर उतरवून घेतला आणि हे लिहिताना डिसेंबर संपत आला आहे. खेळ तसा जुना आहे. टेलटेल गेम्स या अमेरिकन कंपनीने तो नोव्हेंबर २०१० मध्ये विंडोज आणि मॅकसाठी काढला होता. मी तो फार पूर्वी एका सवलतीत घेऊन विसरून गेलो होतो. पुढे कंपनी २०१८ मध्ये बंद पडली आणि २०१९ मध्ये स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानातून हा खेळ काढून घेण्यात आला, परंतु ज्यांनी तो आधी विकत घेतला होता त्यांच्या खात्यात तो राहिला. माझ्या खात्यात तो आहे हे माझ्या लक्षात आणून दिले ते भाच्याने. त्याच्या या शोधामागे निखळ स्वार्थ होता, त्याविषयी पुढे सांगतो.

खेळाची मांडणी अगदी साधी आहे. ‘द इन्व्हेंटरी’ नावाच्या एका गुप्त क्लबात एक गोल टेबल आहे, त्याभोवती चार खेळाडू बसले आहेत आणि पाचवी खुर्ची तुमची आहे. प्रत्येकाने दहा हजार डॉलर्स, अर्थात खोटे, टेबलावर ठेवायचे, टेक्सास होल्डम या पोकरच्या पद्धतीने (हाती दोन पाने, टेबलावर सर्वांसाठी पाच, त्यांतून सर्वांत वरचढ पाच) खेळायचे आणि शेवटी उरेल त्याने पन्नास हजार घेऊन जायचे. गंमत आहे ती त्या चौघांची. ‘टीम फोर्ट्रेस टू’ या युद्धखेळातला आडदांड रशियन हेवी, ‘पेनी आर्केड’ या चित्रमालिकेतला तिरकस बोलणारा टायको, ‘सॅम अँड मॅक्स’ या गुप्तहेरांच्या जोडीतला सशासारखा दिसणारा आणि कमालीचा हिंसक मॅक्स, आणि ‘होमस्टार रनर’ या इंटरनेटवरच्या व्यंगचित्रपटांतला, तोंडावर कुस्तीगिराचा मुखवटा आणि हातांत मुष्टियुद्धाचे मोजे घालणारा स्ट्रॉंग बॅड. चौघांचे मालक वेगळे, चौघांच्या गोष्टी वेगळ्या, चित्रणाची शैलीही वेगळी. तरी ते एका टेबलाशी शेजारी शेजारी बसलेले विजोड वाटत नाहीत, हे चित्रकारांचे मोठेच कौशल्य म्हटले पाहिजे.

गोव्यात पेडण्याकडच्या जत्रांत ज्यांनी रात्र रात्र जागून दशावतार पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. रंगमंचावर सुरुवातीच्या भागातला राक्षस संकासुर आपल्या वेळेला येऊन जातो, त्यानंतर आख्यानातले राजे आणि राक्षस येतात, आणि संकासुराची त्यांच्याशी गाठ पडण्याचे काही कारण नसते. परंतु देवळामागच्या रंगपटात डोकावले तर अर्धा रंग पुसलेला संकासुर आणि अजून मुकुट न उतरवलेला राजा एकाच ट्रंकेवर बसून चहा घेताना आणि बिदागीविषयी बोलताना दिसतात. ‘पोकर नाइट’ हा खेळ म्हणजे असा रंगपट आहे. ही पात्रे इथे आपापले नाटक करायला आलेली नाहीत, ती कामावरून सुटून आली आहेत. हेवी आपल्या बंदुकीविषयी आणि रणांगणावरच्या रोजच्या कामाविषयी एखाद्या कारखान्यातल्या जुन्या फिटरने यंत्राविषयी बोलावे तसा बोलतो. टायको त्याला खोदून खोदून विचारतो आणि मिळालेली उत्तरे ऐकून हळूहळू अस्वस्थ होत जातो. स्ट्रॉंग बॅडला या साऱ्यांवर छाप पाडायची असते आणि ती कोणावरच पडत नाही. जिथे जिथे संवाद असे रंगपटातले आहेत तिथे खेळ अप्रतिम आहे. जिथे पात्रे आपल्या मूळ मालिकेतली ठरलेली वाक्ये फेकतात तिथे, विशेषतः ती मालिका आपण पाहिलेली नसेल तर, तो कंटाळवाणा होतो. ‘होमस्टार रनर’ मी त्यापूर्वी पाहिलेले नव्हते, त्यामुळे पहिला महिनाभर स्ट्रॉंग बॅडच्या निम्म्या बोलण्याचा मला अर्थ लागत नव्हता.

त्याचे मोजे मात्र पहिल्या दिवसापासून आवडले. मुष्टियुद्धाचे मोजे घातलेला मनुष्य पत्ते धरतो कसा, हा प्रश्न खेळाने सोडवलेला नाही, नुसता दाखवला आहे. पाने वाटली की तो ते दोन लाल गोळे पुढे करतो, पानांची कड किंचित उचलून पाहतो, आणि पाने त्या गोळ्यांना जणू आपण होऊन चिकटलेली असतात. मूळ मालिकेतही हेच मोजे घालून तो संगणकावर टंकलेखन करतो, हे मागाहून कळले.

आता पत्त्यांविषयी. आमच्या घरी गणेशचतुर्थीच्या म्हणजे चवथीच्या रात्री माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळाभाज्यांच्या सजावटीखाली, चटई पसरून पत्ते खेळण्याची पद्धत आहे, आणि मला जे काही येते ते त्या चटईवरचे, म्हणजे तीन पत्तीचे आहे. तीन पत्ती येणाऱ्याला पोकर सोपा जाईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती सवयच पहिले दोन आठवडे आड आली. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता चाल करणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पाने वाटण्यापूर्वी दोघांनी सक्तीने ठेवायची रक्कम, आणि तिचा पाने पाहण्या न पाहण्याशी काहीही संबंध नाही. त्याहून मोठी ठेच लागली ती क्रमवारीत. एका डावात माझ्या हाती इस्पिकची पंजी आणि किलवरची छक्की होती, टेबलावर बदामची सत्ती, बदामची अठ्ठी आणि चौकटची नव्वी आली. पाचापासून नवापर्यंत सलग सिक्वेन्स जमल्यावर मी निर्धास्तपणे सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, पुढे सरकवल्या. पुढची दोन पाने बदामची दुरी आणि किलवरची राणी अशी निघाली. हेवीने बदामचा राजा आणि बदामची चौकी उलटी केली आणि त्या भल्यामोठ्या पंजाने ढीग आपल्याकडे ओढून घेतला. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगाला, म्हणजे सगळ्या एकाच चिन्हाच्या पानांना, मारतो, इथे रंग सिक्वेन्सला मारतो, हे मला त्या क्षणी शिकवले गेले.

हा फरक मनमानी नाही. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात; त्यांत एका रंगाचे १,०९६ आणि सिक्वेन्सचे ७२० असतात, म्हणून तिथे सिक्वेन्स अधिक दुर्मीळ आणि अधिक मोलाचा. पाच पानांचे २५,९८,९६० संच होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि रंग अवघे ५,१०८, म्हणून इथे रंग वरचढ. हिशेब कागदावर मांडून पाहिल्यावर राग गेला. (याच हिशेबाने तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची सलग पाने) ४८ आणि ट्रेल (तीन सारखी पाने) ५२, म्हणजे ट्रेल किंचित सोपा असूनही वरचा मानला जातो. हे मी चवथीला चुलतभावांना सांगितले तेव्हा त्यांनी मला पाने वाटायला सांगितले.)

खेळ शिकवण्याच्या बाबतीत हा उपयोगी आहे का, असे कोणी विचारील तर नियम आणि क्रमवारी अंगवळणी पडण्यापुरता तो चांगला आहे, त्यापुढे नाही. चौघांच्या खेळण्यात तऱ्हा आहेत: माझ्या अनुभवात मॅक्स कोणत्याही पानांवर उडी घेतो आणि टायको जपून खेळतो. परंतु चौघेही मधूनच कारणाविना सर्व चिप्स लावतात, आणि समोरचा विचार करतो आहे असे न वाटता नाणे उडवले जात आहे असे वाटते. माणसांशी खेळताना थाप मारण्यात जो रस असतो तो इथे फारसा नाही, कारण तुम्ही मागल्या चार डावांत कसे खेळलात याची यांच्यापैकी कोणाला आठवण असल्याचे मला एकदाही जाणवले नाही. ज्यांना पोकरच खेळायचा आहे त्यांनी दुसरे काही पाहावे.

सर्वांत मोठा दोष मात्र पुनरावृत्तीचा आहे. जून आणि जुलैमध्ये रोज काही ना काही नवे कानावर पडत होते. ऑगस्टमध्ये नवे संवाद आटले. सप्टेंबरपर्यंत अशी स्थिती झाली की टायकोने वाक्याला सुरुवात करताच शेवट मी म्हणू लागलो, आणि शेजारी बसून स्वेटर विणणारी पत्नीही म्हणू लागली. एकाने पाने टाकली, म्हणजे डाव सोडला, की तेच वाक्य, ब्लाइंड वाढली की तीच टिप्पणी. संवाद सुरू असताना आपल्याला थांबून राहावे लागते, त्यामुळे ऐकलेली गोष्ट नुसती पुन्हा ऐकावी लागत नाही, ती संपेपर्यंत वाट पाहावी लागते. दशावतारातले नट तेच आख्यान शंभरदा करतात, परंतु संवाद आधी लिहिलेले नसल्यामुळे समोर कोण उभा आहे ते पाहून दर वेळी नवी जुगलबंदी रंगते. ध्वनिमुद्रित संवादांना ती सोय नाही हे मान्य केले, तरी ध्वनिमुद्रण याच्या दुप्पट असायला हवे होते.

आता भाच्याचा स्वार्थ. मधूनच एखाद्या पात्राजवळ रोख रक्कम नसते आणि त्याऐवजी तो एखादी वस्तू तारण ठेवतो: हेवी आपली ‘आयर्न कर्टन’ नावाची बंदूक, स्ट्रॉंग बॅड आपला काळा चष्मा, मॅक्स आपला बिल्ला आणि टायको आपले मनगटी घड्याळ. त्या पात्राला तुम्ही स्वतः बाद केले तर ती वस्तू ‘टीम फोर्ट्रेस टू’मध्ये वापरण्यासाठी तुमच्या खात्यात जमा होते. भाचा तो युद्धखेळ माझ्याच खात्यावरून खेळतो आणि त्याला बंदूक हवी होती. अट लक्षात घ्या: बाद तुम्हीच केले पाहिजे. हेवीने बंदूक लावली, त्याच्या चिप्स मी सव्वा तास खर्च करून निम्म्यावर आणल्या, आणि शेवटचा घाव टायकोने घातला, असे जुलैत तीनदा झाले. तिसऱ्या वेळी “मामा, तू सोड, मी खेळतो” असे म्हणून भाचा खुर्चीवर बसला आणि नवव्या डावात स्वतःच बाद झाला. बंदूक अखेर ऑगस्टच्या एका पावसाळी दुपारी मिळाली. या वस्तूंची हाव नसती तर मी सप्टेंबरनंतर खेळ उघडला असता असे मला वाटत नाही.

आईने एकदा पडद्यावरच्या चिप्स पाहून पैसे लावून खेळतोस का, असे विचारले. मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी असलेल्या आणि जत्रेत गडगडा हा जुगार पाहिलेल्या राज्यात हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर सरळ आहे: या खेळात खरा पैसा आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. कॅसिनोत खेळण्यास फेब्रुवारी २०२० पासून आम्हा गोमंतकीयांना मनाई आहे, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. हा खेळ या दोहोंत बसत नाही. भाषा मात्र सभ्य नाही आणि विनोद बराच रक्तरंजित आहे, त्यामुळे लहान मुले घरात असतील तर कानाला हेडफोन लावावा.

ऑक्टोबरपासून मी याचा २०१३ मध्ये आलेला दुसरा भागही अधूनमधून खेळलो. तो अनेक बाबतींत सरस आहे. टेबलाशी ‘बॉर्डरलँड्स’मधला बडबड्या यंत्रमानव क्लॅपट्रॅप, ‘व्हेंचर ब्रदर्स’मधला ब्रॉक सॅमसन, ‘आर्मी ऑफ डार्कनेस’मधला ॲश आणि गुप्तहेरांच्या जोडीतला सॅम बसतो, मॅक्स त्याच्या बाजूला असतो. पाने वाटायला ‘पोर्टल’मधली ग्लॅडोस ही थंड आवाजात अपमान करणारी यंत्रबाई आहे, आणि तिच्यामुळे साऱ्या टेबलाला एक धाक येतो. टेक्सास होल्डमबरोबर ओमाहाही आहे: हाती चार पाने येतात, त्यांतली नेमकी दोनच वापरायची आणि टेबलावरची तीन घ्यायची. प्रतिस्पर्ध्याला पेय पाजले की त्याचा चेहरा त्याची पाने सांगू लागतो. तरीही मी परत पहिल्याच भागाकडे वळतो. दुसऱ्या भागात सगळे जण सतत कोटी करतात. पहिल्या भागात ते मधून मधून गप्प बसतात, खुर्चीत मागे रेलतात, आणि हेवी आपल्या पानांकडे पाहून नुसता सुस्कारा टाकतो.

टायकोचे घड्याळ मला अजून मिळालेले नाही. परवा रात्री त्याने ते टेबलावर ठेवले तेव्हा तिघेच उरलो होतो, टायको, मॅक्स आणि मी. टायकोने राजा आणि राणीवर सगळे लावले. मी गुलामांची जोडी घेऊन बसलो होतो, आणि चौकटचा राजा टेबलावर आल्याबरोबर पाने टाकली. मॅक्स थांबला. त्याच्याजवळ सत्ती आणि दुरी होती, टेबलावर एक सत्ती आधीच होती, आणि शेवटचे पान दुरीचे निघाले. घड्याळ टायकोबरोबर टेबलावरून उठून गेले. पत्नीने सुया खाली न ठेवता मॅक्सचे पुढचे वाक्य म्हणून टाकले, आणि मग मॅक्सने ते म्हटले.